पायातलं लोखंड

ठकीच्या पोरीने आपलं जोडवं पकडलंय हे सुंदराला आधी कळलंच नाही. ती आपली शेजारणीच्या ओट्यावर पावटे सोलत बसली होती. मांडीवर सूप, शेजारी टेकवून बसवलेला तिचा केरू, आणि तोंडाने ठकीशी कसल्यातरी गप्पा. कर्जतच्या त्या रेल्वेच्या चाळीत दुपारच्या गप्पांना विषय लागतो कुठे? एवढ्यात पायाच्या बोटाला काहीतरी ओलं, गरम लागलं. दचकून खाली पाहिलं तर ठकीची पोर. आत घोंगडीवर निजवलेली ती चिमुरडी घोंगडी सोडून, उंबरा ओलांडून, गुडघे आपटत इथवर आली होती आणि सुंदराचं बोट तोंडात घालून जोडवं चोखत होती. ठकी हसली. "बग गं बया, रांगाय लागल्यापासनं हिला घर पुरंना. काल चुलीपाशी, आज तुज्या पायाशी." बिचारी ठकी, तिच्या मनात काडीचं काही नव्हतं. पण बोलून झाल्यावर तिची नजर सहज केरूकडे गेली आणि लगेच शेंगांकडे वळली. त्या वळण्याने घात केला. ठकीची पोर ज्येष्ठातली, केरू त्याच्या आधीच्या माघातला. आता पौष चालू होता. सुंदराने हिशेब केला नाही, हिशेब आपोआप झाला, आणि हातातली शेंग सोलायची राहून गेली.

घरी येऊन तिने केरूला खोलीच्या मधोमध बसवलं आणि समोर बसून त्याच्याकडे पाहिलं. असं तिने त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आजवर पाहिलं ते जिवंत आहे की नाही एवढंच. केरू बसला. बसवलं तिथे बसायचं, निजवलं तिथे निजायचं, ही त्याची रीत. गोरागोमटा, गुबगुबीत, हसरा, आणि जागचा न हलणारा. तिची सासू भागूबाई आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, "गुणाचं पोर हाय गं आमचं, ठेवलं तिथंच ऱ्हातंय, अंगाला कसली म्हणून माती लागंना." आणि सुंदराही मान डोलवायची. गुणाचं! आज तो शब्द तिला खुपला. देवळातला देवही ठेवला तिथेच राहतो, पण त्याला कोणी गुणाचा म्हणत नाही. कोपऱ्यातली पितळी वाटी तिने थोडी दूर ठेवली. केरूने वाटीकडे पाहिलं, हात लांब केला, हात पुरेना म्हणून दोन्ही हात लांब केले, मग आईकडे पाहून हसला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. जणू म्हणत होता, नाही पुरत, जाऊ दे.  पाय अधू तर नाहीत याचे? चाळीतल्या बायका मागे हेच बोलत असतील का? बोलत असतीलच की. ठकीची नजर उगाच का वळली?

तिला सोनी आठवली. सोनी तिची पहिली, गावाकडच्या, कडावच्या घरात जन्मलेली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सोनीचे तळवे पडत त्याचा आवाज अजून सुंदराच्या कानात होता, भाकरी थापतात तसा, पण हलका. ती रांगत भाताच्या कणगीपर्यंत जायची आणि कणगीला टेकून मागे बघायची, कोणी येतंय का. पण तिला रांगायला शिकवलं कुणी? हा प्रश्न सुंदराला त्या दुपारी पहिल्यांदा पडला आणि ती चक्रावून गेली. तिने तर नाही शिकवलं. ती लावणीला गेली होती, गुडघाभर चिखलात वाकून रोपं खोचत होती, आणि संध्याकाळी घरी आली तर पोर रांगत होती. सकाळी बसलेली सोडून गेलेली पोर संध्याकाळी दारापाशी भेटायला आली! तेव्हा सुंदरा नुसती हसली होती, चिखलाच्या हातांनी तिला उचलून घेतलं होतं. मधे काय झालं, आधी कुठला गुडघा उचलला, पडली का, रडली का, काही म्हणून माहीत नाही. लेकरू बापडं बोलायला शिकतं, चालायला शिकतं, त्याला आपण बोट देतो. पण रांगायला शिकवतं का कुणी? ते आपलं येतंच, पाऊस येतो तसं. आणि आलं नाही तर? आलं नाही तर काय करायचं हे कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं. सोनी भादव्यातल्या तापात गेली. तिच्या पाठचा मुलगा बारशापर्यंतही पोचला नाही. त्यानंतर तिच्या नवऱ्याने, येसाजीने, कडाव सोडलं, रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामावर लागला आणि आईला, बायकोला घेऊन कर्जतला आला. नवं गाव, नवी चाळ, पायाखाली शेणाऐवजी फरशी. इथे तरी मरणाची नजर चुकेल, असं घरात प्रत्येकाला वाटत होतं आणि कोणीच बोललं नव्हतं.

केरू झाला तेव्हा मात्र भागूबाईने कसलीच कसर ठेवली नाही. जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि मूठभर तांदूळ देऊन भागूबाईने नातू परत घेतला. केरातून आलेल्याकडे मरण कशाला बघतंय? नावही तेच ठेवलं. आणि उजव्या पायात कडं घातलं, लोखंडाचं. असं कडं येसाजीच्याही पायात लहानपणी होतं. भागूबाईच्या पोरांत तो एकटा जगला तो त्या कड्याने, ही तिच्या लेखी दगडावरची रेघ. कडावच्या गावदेवीपुढे तिने पदर पसरला होता, "आई, पोर आपल्या पायानं चालत तुज्या दारात येईल, त्या दिवशी कडं उतरवीन. तवर त्याला इथं बांदून ठेव." येसाजीचं कडं बैलगाडीच्या चाकातल्या खिळ्याचं होतं, बारीक, गवताच्या काडीएवढं. पण लेकासाठी येसाजीला तेवढ्याने कसलं भागतंय! घाटात रुळांखालचे जुने स्लीपर बदलले तेव्हा काढून टाकलेला एक गंजका खिळा त्याने आणला, रुळाला धरून ठेवतो तो, चांगला जाडजूड. गँगच्या लोहाराने, चांगोने, तो तापवून ठोकला, वळवला, वाढत्या अंगाचं पोर म्हणून थोडा सैलच ठेवला. कडं घातलं त्या दिवशी येसाजीची छाती फुगली होती. "ज्या खिळ्यानं अख्खी आगगाडी धरून ठेवली, तो एवढंसं पोर धरून ठेवनार नाय व्हय?" असं तो म्हणाला होता, आणि सुंदराला त्या क्षणी नवऱ्याबद्दल एवढी माया वाटली होती की डोळे भरून आले होते. त्या लोखंडाकडे तिने पुढे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. केरूला खोकला झाला की ती आधी कड्याला हात लावून बघायची, आहे ना जागेवर.

दुसऱ्या दिवशी सासू उकडलेल्या रताळ्यांची पाटी घेऊन स्टेशनात गेली. कर्जतला गाडी बराच वेळ थांबते, घाट चढायला तिला मागून दुसरं इंजिन लागतं, तेवढ्यात उतारूंना भूक लागते आणि भागूबाईची पाटी हलकी होते. ती गेल्यावर सुंदराने केरूला पालथा घातला आणि स्वतःही त्याच्या शेजारी फरशीवर आडवी झाली, गाल जमिनीला टेकवून. का ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित सोनीच्या वेळी राहून गेलेलं बघायचं होतं. फरशी थंडगार होती. खालून पाहिलं तर खोली केवढी मोठी! चूल डोंगराएवढी, दार कुठच्या कुठे. केरू आधी रडला, मग आई आपल्यासारखीच पालथी पडलीय हे पाहून गप्प झाला. मग त्याने हात टेकले, छाती उचलली. शाब्बास. मग कमरेत वाकला आणि उजवा गुडघा पोटाखाली घ्यायला गेला. आणि सुंदराने पाहिलं. गुडघा पुढे आला तसं ते सैल कडं घोट्यावरून घसरलं, फिरलं, आणि चांगोने जिथे त्याची टोकं जुळवली होती ती कडा डाव्या पायाच्या आतल्या बाजूला टोचली. केरू कळवळला, पाय ताठ केला आणि सपाट झाला. सुंदराने श्वास धरून वाट पाहिली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. डाव्या पायाच्या आत, घोट्याच्या वर, छोटासा घट्टा होता. ती रोज बघत होती आणि तिला तो जन्मखूण वाटत होता. अरे देवा! गुणाचं पोर! हलला की टोचतंय म्हणून न हलणारं! पाय अधू नव्हते, काही नव्हतं. लेकरू शहाणं झालं होतं, एवढंच. आनंदाने तिला हसू आलं आणि हसताहसताच अंगावर काटा आला. कारण चालत देवीच्या दारात जाईपर्यंत कडं उतरायचं नाही, आणि कडं पायात असेपर्यंत हा चालणार कसा? आणि उतरवलं तर? सोनीच्या पायात कडं नव्हतं. त्या बारशाआधीच्या पोराच्याही नव्हतं.

रात्री जेवताना तिने नवऱ्याकडे विषय काढून पाहिला. "कडं लई जड नाय वाटत त्याला?" येसाजीने मान वर केली नाही. "जडच पायजे. हलक्या लोखंडाला कोन भ्यातंय?" भागूबाईने तवा खाली ठेवला. "आज मदीच काय आटवलं गं तुला?" "काय नाय, आत्याबाई. घट्टा पडलाय तिथं." "घट्टाच पडलाय ना? पडू दे. खड्डा तर नाय ना खनावा लागला."  भागूबाईचा आवाज चढला नव्हता. तो कापला होता, म्हणून सुंदराने विषय तिथेच सोडला. सासूने चार खड्डे पाहिले होते, आपण दोन. या घरात भीतीचा मान वयाप्रमाणे होता.

कडं काढायचं असं तिने ठरवलं नव्हतंच. एके दुपारी गाडीच्या घाईत सासूने केरूची मालिश सुनेवर सोपवली. खोबरेल तेलाने पाय माखताना सुंदराचा अंगठा कड्याच्या आत गेला. तिने टाच दाबली, पाऊल लांब केलं, आणि कडं सुळकन निसटून तिच्या तळहातावर आलं. एवढं सोपं! छिन्नी नको, हातोडा नको. इतके महिने ते लोखंड त्या पायात नुसतं माणसांच्या भीतीने राहिलं होतं. क्षणभर तिला काही ऐकूच येईना, स्टेशनातली शिट्टी नाही, कावळे नाहीत. मग तिने घाईघाईने ते परत चढवलं, केरूला छातीशी धरलं आणि देवीची माफी मागितली. संध्याकाळभर ती त्याच्या नाकाशी बोट धरून होती. केरू जगला. उलट रात्री नेहमीपेक्षा जास्त भात खाल्ला मेल्याने.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काढलं. या वेळी जरा जास्त वेळ. परसात एक तुकडा तिने मुद्दाम ठोकून सारवून घेतला होता. फरशीवर गुडघे सटकतात, अंगडं पायात येतं, म्हणून पोराला नागडं करून उन्हात त्या जमिनीवर सोडलं. आणि नेमका केरू शिंकला. एकच शिंक, बारीकशी.  हे आलं. आलंच. तिने कडं उचललं, घाईत ते पायात जाईना. केरूला तो खेळ वाटला, तो पाय मागे घेऊन खिदळू लागला. नाकाला काय झालंय बघावं तर नाकाच्या शेंड्यावर सारवणाचा वाळका भुगा. सुंदराने पदराने तो पुसला. तिला स्वतःचाच असा राग आला, असा राग आला म्हणता! कडावच्या शेतात साप दिसला तर कोयता उगारणारी बाई मी, आणि एका शिंकेने माझी ही गत? पण राग आला म्हणून भीती गेली असं नाही. दोन्ही सोबतच राहिले, रोज दुपारी, सासूची पाटी गल्लीच्या वळणाआड गेली की. ती रोज कडं उतरवायची तेव्हा मनात म्हणायची, आई, मला धर, याला नको. आणि घाट चढणारं इंजिन सुटल्याची शिट्टी झाली की ते पुन्हा चढवायची, तेलाचे हात पुसायची आणि तोंडावर काही न दाखवता सासूसाठी पाणी काढून ठेवायची.

कडं निघालं म्हणजे पोर लगेच धावत सुटेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! लोखंड पायातून गेलं होतं, केरूच्या डोक्यातून गेलं नव्हतं. उजवा गुडघा पोटाखाली घ्यायची वेळ आली की तो थांबायचा, टोचण्याची वाट बघायचा. टोचत नाही हे त्याला पटवायला कितीतरी दुपारी गेल्या. सुंदरा त्याच्यासमोर पदर खोचून ओणवी व्हायची, गुडघे आणि हात टेकून, गाईसारखी. "असं बग, असं. हा हात, मंग हा गुडघा." एवढी बाईमाणूस, दोन लेकरं पुरलेली, परसात भुईवर रांगतेय! कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं, आणि म्हटलं असतं तर म्हणो बापडे. रांगताना तिच्या ध्यानात आलं की हे सोपं नाही. उजवा हात पुढे तर डावा गुडघा हवा, नाहीतर तोल जातो. एवढी मोठी विद्या सोनीने एका दिवसात कुणालाही न विचारता शिकून घेतली होती, आणि आईने तिला शाब्बास म्हटलं नव्हतं. म्हणून केरूला ती प्रत्येक गोष्टीला शाब्बास म्हणायची, नुसता हात उचलला तरी. मग एके दिवशी तिने समोर उकडलेलं रताळं ठेवलं. रताळं पाहून केरू इरेला पेटला. हात टेकले, गुडघे उचलले, जोर केला, आणि गडी मागे गेला! सरळ मागे, खेकड्याला लाजवील असा. रताळं लांब गेलं. त्याने आणखी जोर केला, आणखी मागे गेला. संतापाने लाल होऊन तो रताळ्यावर ओरडला, जसं काही तेच पळून जातंय. सुंदरा हसूनहसून लोळली. डोळ्यांतून पाणी आलं. या घरात असं हसायला येऊन किती काळ झाला होता कोण जाणे.

पण मग रोजच मागे. हातांत बळ होतं, पायांत जोर कसा लावायचा ते कळत नव्हतं. विचार करून तिचं डोकं शिणलं. परसातून घाटाकडची लाइन दिसायची. गाडी सुटली की पुढचं इंजिन धुराचे लोट सोडत पुढे व्हायचं, सगळा रुबाब त्याचा. आणि सुंदरा इतकी वर्षं तेवढंच पाहत आली होती. त्या दुपारी तिची नजर गाडीच्या मागच्या टोकाला गेली. तिथे दुसरं इंजिन होतं, मागून कपाळ लावून रेटत. येसाजी कधीतरी म्हणाला होता, "लोक फुडच्याला बगत्यात गं, पन चढावाला मागचंच लागतंय. वडायचं न्हाई त्यानं, निसतं टेकून ऱ्हायाचं." निसतं टेकून राहायचं. सुंदरा केरूच्या मागे गेली. आजवर ती समोरच बसत होती, बोलावत, ओढत, हातांना धरून. ती त्याच्या पायांशी आडवी झाली आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या तळपायांमागे उभे धरले, भिंतीसारखे. ढकललं नाही. नुसती टेकून राहिली. केरूने पाय मागे झाडले, त्याला काहीतरी घट्ट लागलं. तो थांबला. ते काय आहे याचा त्याने विचार केला असावा, मान तिरपी करून. मग त्याने जोर लावला, आणि पुढे गेला. हातभर. फक्त हातभर, पण पुढे! त्याच्या टाचांचा जोर तिच्या मनगटातून खांद्यापर्यंत आला. अधू म्हणे! या पायांना अधू म्हणे! या पायांनी आईला मागे ढकललं होतं. सुंदरा तशीच पालथी पडून राहिली, गाल सारवलेल्या जमिनीवर, आणि मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने म्हणाली, "ह्यो जगनार. ह्यो माजा केरू जगनार हाय."

पुढचे दिवस तळवे टेकायचे, मग जरा उशिरा टेकायचे, मग नुसते जवळ धरायचे. आणि मग एक दुपार अशी आली की ती तळवे धरून राहिली आणि तळव्यांना काही लागलंच नाही. केरू निघून गेला होता. उजवा हात, डावा गुडघा, डावा हात, उजवा गुडघा. मधेच पोटावर आपटला, उठला, पुन्हा निघाला. तुळशीपर्यंत गेला. तुळशीला वळसा घातला! थप थप थप असे त्याचे तळवे पडत होते, आणि या वेळी ती लावणीला नव्हती, कुठे नव्हती, इथे होती, पहिल्या थापेपासून. एवढ्यात घाटाची शिट्टी झाली. सुंदराचा हात सवयीने कड्याकडे गेला. तेलाची वाटी शेजारीच होती. आता त्याला धरायचं, टाच दाबायची, पाऊल लांब करायचं, क्षणाचं काम. केरू पाठमोरा रांगत होता, उन्हात त्याचे उघडे, मोकळे घोटे चमकत होते. धरायला गेलं तर तो थांबेल. कडं घातलं तर उद्या दुपारपर्यंत पुन्हा गुणाचं पोर. सुंदराने कडं हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली.  सासू काय करील? येसाजी काय म्हणेल? घराबाहेर काढतील? आणि पोराला खरंच काही झालं तर, उद्या, परवा, पुढच्या भादव्यात, तर आयुष्यभर सगळे हिनेच मारलं म्हणतील. सगळ्यांचं सोड, मी स्वतःच म्हणेन. हे सगळं तिला दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं. तरी ती उठली नाही. भीतीपेक्षा मोठं काहीतरी आज परसात रांगत होतं.

पाटी कमरेवर घेऊन भागूबाई परसदारी आली. आधी तिला सून दिसली, केस सुटलेली, गुडघ्यांना शेण, हातात कडं. मग तिची नजर जमिनीवर शोधत गेली. "कडं का काडलंस?"  "काडलं मी, आत्याबाई." "कवा?" "रोज काडते. तुमी गाडीवर गेलात की." भागूबाईच्या हातातून पाटी घसरली, उरलीसुरली रताळी गडगडली. "रोज? माजा जीव टांगणीला लावून रोज? आगं सटवे, पोराला काय झालं असतं मंग?" सुंदराने खाली पाहिलं नाही. "त्याला टोचत हुतं, आत्याबाई. हलला की टोचायचं. तो पांगळा नव्हता, आपन त्याला बांदून ठेवला हुता." "बांदून ठेवला म्हून हाय तो!" "नुसतं असून काय करायचं?" सुंदरा ओरडली. जन्मात ती सासूवर ओरडली नव्हती. "जित्तं पोर हाय, त्याला जित्तं ऱ्हाऊ द्या की! भ्या मला बी वाटतंय. मरनाचं वाटतंय. पन सोनी गेली तरी तिनं अख्खं घर पालतं घातलं हुतं. ह्यानं काय बगितलं? फरशी बगितली!"  एवढ्यात तुळशीआडून केरू आला. त्याने आजीला पाहिलं, गडगडलेली रताळी पाहिली, आणि खालून वर मान करून असा हसला की बस. मग निघाला. सरळ आजीकडे.

भागूबाई एक पाऊल मागे सरली. सुंदराला वाटलं, संपलं. शिवणार नाही ती त्याला. कडं नसलेल्या पोराला हात लावायची नाही. केरू पुढे आला, म्हातारी आणखी एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. केरू थांबला, त्याचा ओठ बाहेर आला. आणि मग सुंदराला दिसलं की सासू वाकलीय. कमरेत दुखणं असलेली, चुलीपाशी बसायलाही कण्हणारी भागूबाई वाकून, दोन्ही हात पसरून, टाळ्या वाजवत मागेमागे जात होती, आणि तिच्या तोंडावरून पाणी नुसतं वाहत होतं. "ये. ये रं. अजून ये. थांबू नगंस, माज्या राजा, ये!" केरू खूश होऊन किंचाळला आणि सुटला. परसदार गेलं, बोळ गेला. भागूबाई उलटी चालत चाळीच्या अंगणात आली, धडपडली, सावरली, तरी तिने मान वळवून मागे पाहिलं नाही, नातवावरची नजर काढली नाही. बायका ओट्यांवर आल्या, कोणीतरी हातातला घडा खाली ठेवला. "सरा गं बाजूला!" म्हातारी गरजली. "वाट द्या! कोंबड्या हाकला! आमचं पोर येतंय!" बायका हसत दोन्ही बाजूंना झाल्या. मधून केरू आला, नागडा, गुडघे मातीने माखलेला, धापा टाकत, कोणाकडे न बघता. आणि त्याच्या मागून, उठून उभं राहायचं विसरून, हातागुडघ्यांवर सुंदरा येत होती, हसत आणि रडत, भर चाळीच्या अंगणात, आणि तिला कोणाचीही लाज वाटत नव्हती.